वाचकांचे प्रश्न : विमान उतरलं, आता घरी कसं जायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडजवळच्या गावात राहतो. माध्यमिक शाळेत शिक्षक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात मी आणि आमची मंडळी फ्रँकफर्टला मुलीकडे जाऊन येणार आहोत. जाताना गावातला एकजण गाडीने सोडतोय. परतीचं विमान मात्र मुंबईत रात्री १.४० ला उतरतं. गाडी मुद्दाम बोलवायची तर आठ-नऊ हजार सांगतात. माझे साडू गेल्या वर्षी असेच रात्री उतरले. दाराबाहेर एकाने 'काका, दादर?' म्हणून हातातली बॅग घेतली आणि दादरला पोचल्यावर अडीच हजार मागितले. भांडायची ताकद नव्हती, दिले. आम्ही कोयना एक्सप्रेसचं आरक्षण केलं आहे. मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत काय करावं, आणि स्टेशनवर कमी खर्चात कसं पोचावं? सामान दोन मोठ्या बॅगा, दोन लहान. दोघांनाही गुडघ्याचा त्रास आहे. (एक वाचक, कराड तालुका)

उत्तर : सर, कोयनेचं आरक्षण केलंत ते फार बरं केलंत. ती सीएसएमटीहून, म्हणजे जुन्या बोरीबंदरहून, सकाळी ८.४० ला सुटते. विमान वेळेवर उतरलं तरी पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, कस्टम्स यांत तीन वाजतात. म्हणजे तुमच्या हाताशी साडेपाच तास आहेत आणि कुठेही धावायचं नाही. हे आधी सांगते, कारण मी एकतीस वर्षं याच विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरला होते आणि रात्रपाळीत एकच गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली. माणूस बारा तासांच्या प्रवासाने थकलेला असतो. दार उघडतं, उकाडा अंगावर येतो, समोर गर्दी असते आणि त्याला वाटतं की आता लगेच काहीतरी केलं पाहिजे. नेमका तेव्हाच कोणीतरी 'काका' म्हणून पुढे येतो.

म्हणून पहिलं काम, बाहेर पडू नका. सामान मिळाल्यावर आतच थांबा. स्वच्छतागृह आहे, पाणी आहे, बसायला जागा आहे. मंडळींची औषधाची वेळ असेल तर ती तिथेच सांभाळा. दारावर सुरक्षा दलाचे जवान असतात आणि एकदा बाहेर गेलं की परत आत सोडत नाहीत, हे बहुतेकांना बाहेर गेल्यावरच कळतं. जवळ युरो उरले असतील तर लागतील तेवढेच तिथे बदला, बाकीचे कराडच्या बँकेत.

पहाट झाली की मेट्रो. सर, हे लिहिताना मला मनापासून आनंद होतोय. माझी सगळी नोकरी संपेपर्यंत विमानतळाहून दक्षिण मुंबईला थेट जाणारी आगगाडी नव्हती. शहराच्या मधोमध विमानतळ आणि तिथून बोरीबंदरला जायला टॅक्सी, नाहीतर रिक्षा करून अंधेरी आणि मग लोकल. आता भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती आरे ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, अशी सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडला पोचली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. तुमचं विमान उतरतं त्या टर्मिनल २ ला तिचं स्थानक आहे आणि सीएसएमटीलाही आहे. मध्ये गाडी बदलायची नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीट सत्तर रुपये आहे, तुमचं त्याहून कमी. म्हणजे दोघांचं मिळून दीडशेच्या आत. वेळ पाऊण तास धरा.

पहिली गाडी सहाच्या सुमारास असते. रविवारी उतरणार असाल तर पहिल्या गाडीची वेळ मुलीला आदल्या दिवशी बघून ठेवायला सांगा. स्थानक टर्मिनलच्या आत नाही, थोडं चालावं लागतं. त्यासाठी सामानाची ट्रॉली शक्य तितकी पुढे न्या आणि वाट विमानतळाच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्यालाच विचारा. खाली जायला लिफ्ट आहे, सरकत्या जिन्यावर दोन बॅगा घेऊन चढू नका. बॅगा यंत्रातून तपासतात, पाच मिनिटं जातात. तिकीट काउंटरवर रोख पैसे देऊन काढा. फोनवर काढता येतं, पण जमिनीखाली फोनच्या भरवशावर राहू नये. खिशात सुट्टे दोनशे रुपये जाण्याच्या दिवसापासूनच वेगळे ठेवा, कारण परदेशातून येणाऱ्याच्या पाकिटात नेमकं तेच नसतं.

आता दादर की सीएसएमटी? कोयना दादरलाही थांबते आणि मेट्रोचं दादरही वाटेतच लागतं, त्यामुळे लोक तुम्हाला दादरला उतरायचा सल्ला देतील. तुमच्या गुडघ्यांसाठी मी तो देणार नाही. मेट्रोचं दादर पश्चिमेला आहे. तिथून रेल्वे स्टेशनपर्यंत सामान ओढत यायचं, मग गर्दीत पूल चढायचा-उतरायचा आणि गाडी थांबणार दोन-तीन मिनिटं. सीएसएमटीहून तर कोयना सुटतेच. तिथे लांबच्या गाड्यांचे फलाट रस्त्याच्या पातळीवरच आहेत, पूल लागत नाही. गाडी आधी येऊन उभी राहते, तुम्ही सावकाश चढाल, बॅगा बाकाखाली लावाल आणि वर चहाही घ्याल. दहा-वीस रुपये जास्त जातील, त्यांची पर्वा करू नका.

समजा, तब्येतीमुळे तेवढं थांबणं झालं नाही आणि रात्रीच निघावं लागलं, तर बाहेर न पडता आतल्या प्रीपेड टॅक्सीच्या काउंटरवर जा. पैसे तिथेच भरायचे, पावती घ्यायची आणि गाडीचा क्रमांक पावतीशी जुळवून बसायचं. पावती चालकाला मुक्कामी पोचल्यावर द्या, आधी नाही. दर योग्य आहे का हे कळण्यासाठी मीटरचा हिशेब तुम्हालाही ठाऊक हवा. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये आहेत. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच यात पाव पट जास्त. टर्मिनल २ ते दादर पंधरा किलोमीटर धरले तर दिवसा सव्वातीनशेच्या आत, रात्री चारशेच्या आत. सीएसएमटीपर्यंत सव्वीस किलोमीटर धरले तर दिवसा साडेपाचशेच्या आत, रात्री पावणेसातशे. मोठ्या बॅगांचे थोडे वेगळे पडतात आणि प्रीपेडचा दर मीटरपेक्षा काहीसा जास्त असतो, तेवढं धरून चाला. सागरी सेतूवरून नेलं तर टोल आपल्याला. आता तुमच्या साडूंनी दादरला दिलेले अडीच हजार या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

साडूंना माझ्याकडून एक सांगा, त्यांची चूक नव्हती. आखातात दोन-दोन वर्षं राबून आलेली, अंगाने धिप्पाड, चार भाषा बोलणारी मुलंही मी त्या दारात अशीच हतबल झालेली पाहिली आहेत. आपल्या देशात पाय ठेवल्यावर पहिला व्यवहार असा व्हावा, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटायचं. काउंटर सोडून जाता यायचं नाही, म्हणून मी सामानाच्या चिठ्ठीमागे 'प्रीपेड, डावीकडे' असं लिहून द्यायची. तेवढंच हातात होतं.

प्रश्न : ताई, आमचा मुलगा मस्कतला असतो. दर वेळी विमान संध्याकाळी पाचला टर्मिनल २ ला उतरतं. आम्ही डोंबिवलीला राहतो. टॅक्सीने दीड-दोन तास जातात आणि पैसेही हजाराच्या वर. मेट्रोने येता येईल का? (एक वाचक भगिनी, डोंबिवली पूर्व)

उत्तर : येता येईल, आणि हा माझा रोजचा रस्ता होता म्हणून जरा सविस्तर लिहिते. मीही डोंबिवलीचीच.

टर्मिनल २ ला मेट्रो ३ मध्ये आरेच्या दिशेने बसायचं आणि पुढच्याच स्थानकावर, मरोळ नाक्याला उतरायचं. तिथे वर मेट्रो १ मिळते, वर्सोवा ते घाटकोपरची. घाटकोपरला मेट्रोतून उतरलं की पुलावरून सरळ रेल्वे स्टेशन. तिथून डोंबिवलीला थांबणारी कोणतीही लोकल. मेट्रो १ चं सगळ्यांत महाग तिकीट चाळीस रुपये, ते दोन्ही टोकांमधलं. मरोळ नाका मध्ये असल्याने त्याहून कमी. लोकलचे दहा-पंधरा. सगळं मिळून एका माणसाला साठ-सत्तर रुपयांत घरी.

जून २०१४ मध्ये मेट्रो १ सुरू झाली तो आठवडा मला अजून आठवतो. त्याआधी घाटकोपरला उतरून अंधेरी-कुर्ला रस्त्याने बस पकडायची. साकीनाक्याला बस जी उभी राहायची ती राहायचीच. दुपारपाळी दोनची असली तरी मी घरून अकराला निघत असे. मेट्रो घाटकोपरहून वर्सोव्यापर्यंत एकवीस मिनिटांत जाते, त्यामुळे रोजचा तास-दीड तास परत मिळाला. मुलाचा डबा मी त्या वर्षी पहिल्यांदा गरम भरला.

पण पाचला उतरणाऱ्या माणसाची अडचण वेगळी आहे. बाहेर पडेपर्यंत साडेसहा, घाटकोपरला सात-सव्वासात. त्या वेळी डोंबिवलीच्या लोकलमध्ये तीस किलोची बॅग घेऊन चढणं शक्य नाही, तुम्हाला ते माझ्याइतकंच माहीत आहे. मेट्रो स्वस्त आणि सोपी आहे, अडतं ते शेवटच्या लोकलपाशी. यावर दोन उपाय. एक, मुलाने मोठी बॅग आणली असेल तर घाटकोपरपर्यंत मेट्रोने यावं आणि पुढे तुमच्यापैकी कोणी गाडी किंवा टॅक्सी घेऊन तिथे भेटावं. मरोळ ते घाटकोपर हाच रस्त्याचा सगळ्यांत तुंबलेला तुकडा आहे, तो तरी टळतो. दोन, सामान हलकं असेल तर विमानतळावरच जेवून नऊनंतर निघावं. फक्त मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाला सुटतात, त्यामुळे साडेनऊच्या पुढे रेंगाळू नये.

एक सावधगिरी. मेट्रो १ वर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्थानक आहे. नाव वाचून कितीतरी लोक तिथे उतरतात आणि मग बॅग घेऊन रस्त्यावर उभे राहतात, कारण टर्मिनल तिथून बरंच दूर आहे. आता मेट्रो ३ झाल्यावर तिथे उतरायचं काहीच कारण नाही. मरोळ नाक्यालाच बदला.

प्रश्न : नमस्कार. मी नागपूरची, वय २३. मुंबईत पहिल्यांदाच नोकरीच्या मुलाखतीसाठी एकटी येते आहे. विमान दुपारी चारला टर्मिनल १ ला येतं. राहायची सोय चर्चगेटजवळच्या मुलींच्या वसतिगृहात झाली आहे. मैत्रिणी म्हणतात लोकल सगळ्यांत स्वस्त, तीच पकड. आई म्हणते टॅक्सीच कर. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुला 'तू' म्हणते, माझ्या भाचीएवढी आहेस. मैत्रिणी आणि आई दोघींचं पूर्ण बरोबर नाही, आधी हिशेब बघू.

टर्मिनल १ हे पार्ल्याच्या पूर्वेला. तिथून विलेपार्ले स्टेशन दीड-दोन किलोमीटर. रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला सतरा रुपये आणि काही पैसे, म्हणजे पस्तीसच्या आसपास. पुढे चर्चगेटपर्यंत लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट दहा रुपये. एकूण पंचेचाळीस. आणि टर्मिनल १ ला मेट्रो ३ चं स्थानक आहे, तिथून चर्चगेटला थेट गाडी, सत्तरच्या आत. फरक वीस रुपयांचाही नाही. उलट एवढ्या जवळचं भाडं म्हटलं की विमानतळावरचे रिक्षावाले सहज तयार होत नाहीत. मीटरने यायला नाही म्हणतात आणि शंभर-दीडशे मागतात. मग मैत्रिणींची स्वस्त लोकल मेट्रोपेक्षा महाग पडते. सामान पाठीवर मावणारं असेल तर पार्ला स्टेशनला वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येतं. मी कितीदा गेले आहे, पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी, अनोळखी गावात, तू तसं करू नकोस.

तेव्हा या वेळी मेट्रो. गाडी कफ परेडच्या दिशेची हवी. चर्चगेट स्थानकावर उतर आणि वसतिगृहाचा पत्ता वहीत लिहिलेला ठेव, फक्त फोनमध्ये नको. बाहेर पडायची दारं बरीच असतात. वर येण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्याला पत्ता दाखवून कुठलं दार जवळ ते विचार. चुकीच्या दाराने आलीस तर मोठा रस्ता ओलांडावा लागतो.

आईला सांग, टॅक्सीला पाचशेच्या आसपास पडले असते आणि संध्याकाळी पाचला पश्चिम द्रुतगती मार्गावर ती दीड तास तरी अडकली असती. त्यांची काळजी पैशाची नाही, तू एकटी असण्याची आहे, हे मला कळतं. मेट्रोत त्या वेळी भरपूर माणसं असतात, उजेड असतो, प्रत्येक स्थानकावर सुरक्षारक्षक असतात. गाडीत बसण्याआधी आणि वर आल्यावर त्यांना एकेक फोन कर. मध्ये फोन लागला नाही तर घाबरू नका, हेही आधीच सांगून ठेव.

नोकरी लागली की लोकल शिकशीलच. तेव्हासाठी लक्षात ठेव, पार्ल्याला फक्त धीम्या गाड्या थांबतात, जलद गाडी हवी तर अंधेरी. आणि सकाळची गर्दी चर्चगेटकडे जाते, संध्याकाळची विरारकडे. उलट दिशेने जाणाऱ्याला संध्याकाळी सहालाही बसायला मिळतं. बायकांच्या डब्यात दाराजवळ उभ्या असलेल्या कोणालाही 'कुठे उतरू' विचार, चार जणी सांगतील.

प्रश्न : विमानतळाहून पुण्याला येणाऱ्या खासगी टॅक्सीचे दर आता आमच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. मी ६८ वर्षांची आहे, बहीण ७६. दोघीच असतो. काही मार्ग? (एक वाचक भगिनी, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : तुम्हा दोघींना एसटीसारखा दुसरा आधार नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे, त्यात शिवनेरीही आली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हणजे तुमचं अर्धं आणि ताईंचं काहीच नाही. दोघींची आधार कार्डं हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

पुण्याची शिवनेरी दादरला पूर्वेकडून सुटते, जुने लोक ज्याला एशियाडचा थांबा म्हणतात तिथून. मेट्रोचं दादर पश्चिमेला, हे मी वर सरांना लिहिलंच आहे. म्हणून दोघी असाल, बॅगा असतील, तर विमानतळापासून थेट दादर पूर्वेला मीटरने किंवा प्रीपेडने टॅक्सी करा. दिवसा सव्वातीनशेचा हिशेब वर दिला आहे, प्रीपेड असेल तर थोडं वर, आणि ते दोघींत विभागून. पैसे वाचवायची जागा पुढचे दीडशे किलोमीटर आहेत, त्या पंधरात गुडघे झिजवू नका. रिक्षा विचारू नका. मुंबईत रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या पुढे येत नाही, कोणी 'आणतो' म्हणाला तर तो तुम्हाला मध्येच उतरवणार.

प्रश्न : आमचं तिकीट मुंबई ते बंगळूर आहे. देशातलं विमान म्हणजे टर्मिनल १ च ना? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही! हा समज काढून टाका, यापायी विमानं चुकतात. देशातली कितीतरी विमानं टर्मिनल २ हून सुटतात. टॅक्सीवाले अजून टर्मिनल २ ला 'सहार' किंवा 'इंटरनॅशनल' आणि टर्मिनल १ ला 'डोमेस्टिक' म्हणतात. तुम्ही 'बंगळूरला जायचंय' म्हणालात की ते बिचारे चांगल्या मनाने तुम्हाला डोमेस्टिकला सोडतात. तिकिटावर टी १ की टी २ ते बघा आणि तोच आकडा चालकाला सांगा. चुकलातच तर मेट्रो ३ ने एका टर्मिनलहून दुसऱ्यावर जाता येतं, मध्ये फक्त सहार रोड हे एक स्थानक आहे. टॅक्सी शोधण्यापेक्षा ते लवकर होतं.

आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ झाला आहे, पनवेलजवळ उलव्याला. तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका. जुन्या विमानतळाची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. दोन्हींमध्ये रस्त्याने चाळीसएक किलोमीटर अंतर आहे. तुम्ही कोकणातून येताय, पनवेल तुमच्या वाटेवरच आहे. तिकीट अजून काढलं नसेल तर दोन्हीकडचे दर आणि वेळा बघूनच काढा.